जन्मजात गाठी आणि भ्रूणाच्या घडणीचे पहिले आठ आठवडे

नवजात बाळाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, नाकाच्या दांड्यावर, गळ्याच्या मध्यभागी, छातीच्या हाडाच्या वरच्या खळगीत किंवा कमरेच्या मणक्यांवर कधी कधी एखादी लहानशी, न दुखणारी गाठ हाताला लागते, तर कधी सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. आणि घरातील माणसे तिला गळू, आवाळू, उष्णतेचा फोड अशा परिचित नावांपैकी एखादे नाव देऊन ती आपोआप जिरण्याची वाट पाहतात. यांतील काही गाठी खरोखरच क्षुल्लक असतात. पण काहींची उत्पत्ती जन्माच्या कितीतरी आधी, गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत झालेली असते. अशा गाठींच्या बाबतीत गाठ केवढी आहे, या प्रश्नापेक्षा ती शरीराच्या नेमक्या कोणत्या जागी आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण तिची जागा हीच तिची जन्मकथा असते आणि तिची मुळे किती खोल गेली असतील, याचा पहिला अंदाजही त्या जागेवरूनच बांधता येतो.

निरुपद्रवी गाठींचा विचार आधी केला, तर पालकांची बरीचशी काळजी दूर होते. जवळपास निम्म्या नवजात बाळांच्या नाकावर, गालांवर किंवा हनुवटीवर पांढरे, अगदी बारीक दाणे दिसतात, ज्यांना वैद्यकात मिलिया म्हणतात. त्वचेच्या वरच्या थरात केरॅटिन, म्हणजे त्वचा, केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात ते प्रथिन, साचून ते तयार होतात आणि काही आठवड्यांत उपचारांवाचून नाहीसे होतात. टाळ्यावर आणि हिरड्यांवर दिसणारे तसेच पांढरे दाणे पाहून बाळाला जन्मतः दात आले, असा समज होतो. तेही असेच विरून जातात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या गाठी मात्र विरत नाहीत, त्या बाळाबरोबर वाढतात.

त्या का वाढतात, हे समजण्यासाठी भ्रूणाच्या घडणीकडे पाहावे लागते. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पेशी तीन थरांत विभागल्या जातात: बाह्यस्तरापासून त्वचा आणि मज्जासंस्था, मध्यस्तरापासून हाडे, स्नायू व रक्तवाहिन्या, आणि अंतःस्तरापासून अन्नमार्ग व श्वसनमार्ग यांची अस्तरे बनतात. त्वचा आणि मेंदू यांचा उगम एकाच थरातून होतो, ही गोष्ट वाचकाने विशेष लक्षात ठेवावी, कारण पुढे येणाऱ्या सर्वांत गंभीर गाठींचे स्पष्टीकरण तिच्यातच आहे. बाह्यस्तराचा मधला पट्टा आत दुमडून त्याची नळी होते, ती चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही टोकांना बंद होते आणि वरच्या त्वचेपासून सुटी होऊन खोल जाते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते. त्याच सुमारास चेहऱ्याची जडणघडण सुरू होते, तीही एकसंध नव्हे तर पाच उंचवट्यांपासून: कपाळ-नाकाचा एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. हे उंचवटे एकमेकांकडे सरकत जाऊन आठव्या आठवड्यापर्यंत जुळतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात हात, पाय आणि मस्तक यांचे पाच पिंड प्रकट होतात, असे वर्णन आहे. तेथील तपशील आजच्या भ्रूणशास्त्राशी जुळत नाहीत, पण शरीर वेगवेगळ्या अंकुरांतून आकाराला येते, ही जाण त्यामागे दिसते आणि ती दखल घेण्याजोगी आहे.

दोन भाग जुळताना त्यांच्या कडांवरची त्वचा विरघळून खालचे थर एकजीव व्हावे लागतात. गोधडी शिवताना एखादी चिंधी टाक्यांच्या आत दुमडली जावी, त्याप्रमाणे कधी कधी त्या कडेवरच्या त्वचेच्या मूठभर पेशी जोडरेषेच्या आत अडकून राहतात. त्या मरत नाहीत. त्यांना त्वचा बनवणे एवढेच ठाऊक असते आणि त्या आतल्या आत त्वचाच बनवू लागतात. त्यातून बंद पिशवी तयार होते, जिचे अस्तर त्वचेचे असते, ज्यात केसांची मुळे, तैलग्रंथी आणि स्वेदग्रंथी असतात, आणि त्वचेवरून एरवी गळून पडणारे केरॅटिन व तेल बाहेर पडायला वाट नसल्याने आतच साचत जाते. हीच डर्मॉइड गाठ होय. केस आणि ग्रंथी नसलेल्या, केवळ वरच्या त्वचेच्या अस्तराच्या गाठीला एपिडर्मॉइड म्हणतात. ही वाढ कर्करोगाची नसते, साचण्याची असते, म्हणून ती संथ असते, पण स्वतःहून थांबत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2025 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातील एका नवजात बाळाच्या पोटातून अमरावतीच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात अविकसित भ्रूण शस्त्रक्रियेने काढण्यात आले, तेव्हा त्या बातमीची विदर्भात पुष्कळ चर्चा झाली. ती अतिशय विरळ आणि सर्वस्वी निराळी घटना आहे. त्वचेखालच्या डर्मॉइड गाठीत केस निघाले, तर तो जुळ्या भावंडाचा अवशेष नसतो. ते बाळाच्या स्वतःच्याच त्वचेचे केस असतात.

डर्मॉइडची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे भुवईचे बाहेरचे टोक, जेथे कपाळाचे हाड आणि गालाचे हाड यांचा सांधा असतो. ही गाठ गोल, रबरासारखी लागते, तिच्यावरची त्वचा तिला चिकटलेली नसते, पण ती स्वतः मात्र खालच्या हाडाच्या आवरणाला धरून असते. बहुतेक वेळा ती डोळ्याच्या खोबणीत किंवा कवटीत शिरलेली नसते, तरी क्वचित सांध्याच्या फटीतून तिचा एक भाग आत गेलेला आढळतो. बाळ रांगू-चालू लागल्यावर पडून तिला मार बसला आणि ती फुटली, तर आतल्या द्रव्यामुळे भोवताली तीव्र दाह होतो. म्हणून घाई न करता, पण फार लांबणीवरही न टाकता, भुवईच्या केसांत किंवा पापणीच्या घडीत छेद घेऊन ती अखंड काढतात. आच्छादनासकट पूर्ण काढलेली गाठ सहसा पुन्हा होत नाही.

नाकावरील डर्मॉइड ही याहून फार वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. सुमारे 20 हजार ते 40 हजार जन्मांमागे एका बाळात ती आढळते. भ्रूणावस्थेत नाकाचे हाड आणि त्यामागचे कूर्चेचे पटल यांच्यामध्ये एक पोकळी असते, आणि कवटीच्या तळाच्या पुढच्या भागातील एका छिद्रातून मेंदूच्या आवरणाचे बोट त्या पोकळीतून खाली उतरून नाकाच्या त्वचेला जवळजवळ टेकते. पुढे ते बोट मागे सरते आणि छिद्र बंद होते. त्वचा आणि मेंदूचे आवरण यांची त्या अल्प काळात झालेली जवळीक पूर्ण सुटली नाही, तर मागे सरणारे आवरण त्वचेलाही आपल्याबरोबर आत ओढून नेते. म्हणून ही गाठ किंवा तिची नलिका नाकाच्या शेंड्यापासून थेट मेंदूच्या तळापर्यंत या मार्गावर कोठेही असू शकते. बाहेरून दिसते ते नाकाच्या दांड्यावरचे एवढेसे छिद्र, आणि त्या छिद्रातून एखादा केस बाहेर आलेला असेल, तर निदान जवळजवळ निश्चित होते.

नाकाच्या मुळाशी असलेला प्रत्येक फुगवटा डर्मॉइडच असतो, असेही नाही. कवटीचे छिद्र उघडेच राहून मेंदूचे आवरण, कधी मेंदूचा भागही, बाहेर आलेला असू शकतो. असा फुगवटा मऊ, किंचित निळसर आणि दाबता येणारा असतो, आणि बाळ रडले की फुगतो. डर्मॉइड रडण्याने फुगत नाही. तिसरी शक्यता म्हणजे मेंदूच्या ऊतीचा तुटून बाहेर राहिलेला तुकडा, जो कठीण असतो, फुगत नाही, परंतु काही बाळांत एका तंतुमय देठाने आतल्या भागाशी जोडलेला असतो. या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्या भासू शकतात. म्हणून नाकाच्या मध्यरेषेवरील गाठीत एमआरआय झाल्याशिवाय सुई घालू नये, तिचा तुकडा तपासणीला काढू नये आणि तिला चिरा तर मुळीच देऊ नये, हा नियम बालशल्यचिकित्सेत अपवादाविना पाळला जातो. सुई मेंदूच्या आवरणात गेली, तर मेंदूभोवतालचे पाणी गळणे आणि मेंदूज्वर हे दोन्ही धोके एकदमच समोर उभे राहतात.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालताना नाक सरळ व धारदार व्हावे म्हणून ते दोन बोटांत धरून ओढण्याची आणि कोठे गाठ लागली, तर ती चोळून जिरवण्याची रीत घरोघरी आहे. नाकाचा आकार अशा ओढण्याने बदलत नाही, आणि वर सांगितलेल्या गाठीवर असा दाब पडणे सर्वथा अनिष्ट आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, रोज मालिश करणारी आजी किंवा मालिशवाली बाई हीच बाळाचे सर्व अंग, पाठीसकट, दररोज पाहणारी एकमेव व्यक्ती असते. तिला काय पाहायचे हे कळले, तर तिच्याइतका चांगला तपासनीस दुसरा नाही.

गळ्यातील गाठींचा इतिहास निराळा आहे. थायरॉईड ग्रंथीचा उगम चौथ्या आठवड्यात जिभेच्या मुळाशी होतो, आणि तेथून ती गळ्याच्या मध्यरेषेने खाली उतरत सातव्या आठवड्यापर्यंत आपल्या जागी पोहोचते; उतरताना मागे राहिलेली नलिका नंतर नाहीशी होते. ती पूर्ण नाहीशी न झाल्यास तिच्यात द्रव साचून गाठ बनते, जी घोट गिळताना आणि जीभ बाहेर काढताना वर सरकते. ही नलिका गळ्यातील हायॉइड या लहानशा हाडाला इतकी बिलगून जाते की, केवळ गाठ काढली, तर ती वारंवार उद्भवते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर सिस्ट्रंक यांनी 1920 मध्ये या हाडाचा मधला भागही नलिकेबरोबर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि शंभर वर्षांनंतरही तीच पद्धत प्रमाण मानली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी करून थायरॉईड तिच्या मूळ जागी आहे याची खात्री करून घेतात, कारण क्वचित प्रसंगी गाठ म्हणून जे दिसते, तीच त्या बाळाची एकुलती एक थायरॉईड असते.

मानेच्या बाजूला असणाऱ्या गाठी आणि छिद्रे ही गळ्याच्या कमानींची देणगी आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात भ्रूणाच्या मानेवर कमानींसारखे उंचवटे आणि त्यांमधल्या खाचा दिसतात. दुसरी कमान खाली वाढून पुढच्या खाचांना झाकून टाकते आणि झाकलेली पोकळी बुजते. ती बुजली नाही, तर मानेच्या तिरप्या स्नायूच्या पुढच्या कडेशी, खालच्या भागात, गाठ किंवा सतत ओलसर राहणारे छिद्र उरते, ज्याची नलिका मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या दोन शाखांमधून वर जाऊन टॉन्सिलपर्यंत पोहोचू शकते. मुलाच्या मानेवर गाठ दिसली की आपल्या भागात पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो अयोग्य नाही. मात्र तपासणीशिवाय क्षयाची औषधे सुरू करणे किंवा गळू समजून चिरा देणे, या दोन्हींमुळे मूळ दोष तसाच राहतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. कानाच्या पाळीच्या वर, पुढच्या बाजूस दिसणारे बारीक छिद्र मात्र बहुधा निरुपद्रवी असते. सहाव्या आठवड्यात कान सहा उंचवट्यांपासून बनताना ते राहून जाते, पुष्कळदा घराण्यात चालत येते, आणि वारंवार पू झाला तरच काढावे लागते. त्याच बाळाच्या मानेवरही छिद्र असेल, तर श्रवणशक्ती आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावीत.

या सगळ्यांत सर्वाधिक विरळ आणि भ्रूणशास्त्राच्या दृष्टीने सर्वाधिक विलक्षण म्हणावी अशी गाठ छातीच्या हाडाच्या वरच्या खळगीत आढळते. ती दिसते त्वचेखाली, पण तिचे अस्तर त्वचेचे नसून श्वासनलिकेचे असते: सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हलणारे रोम असलेल्या पेशी, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी, क्वचित कूर्चेचा तुकडाही दिसतो. फुप्फुसांचे अंकुर चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या पुढच्या भागातून फुटतात. त्यांतील एखादा कण सुटा होऊन पुढे सरकला आणि छातीच्या हाडाचे दोन अर्धभाग मध्यभागी जुळताना हाडाच्या बाहेर राहिला, तर फुप्फुसाचा तो अंकुर त्वचेखाली अडकतो, अशी उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. ब्राँकोजेनिक गाठ हे तिचे नाव. त्वचेखालील अशा गाठीचे पहिले वर्णन 1945 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ती मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळली आहे. जन्मतः ती छोटी फुगवटी किंवा पातळ चिकट द्रव पाझरणारे छिद्र या रूपात दिसते, आणि तिचे खरे स्वरूप बहुतेक वेळा काढलेली गाठ तपासल्यानंतरच कळते. मुलग्यांच्या जननेंद्रियाच्या खालच्या मध्यरेषेवर होणाऱ्या लहान गाठीही अशाच जोडरेषेतून उद्भवतात. त्या सहसा त्रास देत नाहीत.

पाठीवरील छिद्राकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. मज्जारज्जूची नळी त्वचेपासून सुटी होताना एखाद्या बिंदूपाशी ती सुटली नाही, तर त्वचेचा एक बारीक मार्ग मणक्यांच्या मधून थेट मज्जारज्जूपर्यंत जातो. पुढे मणक्यांचा कणा मज्जारज्जूपेक्षा झपाट्याने वाढत असल्याने मज्जारज्जूचे टोक वर सरकते आणि हा मार्गही त्याच्याबरोबर ताणला जातो. म्हणून छिद्र कमरेवर दिसले, तरी आतले टोक कित्येक मणके वर असू शकते. त्या मार्गाने जंतू आत गेले, तर वारंवार मेंदूज्वर होतो, आणि मज्जारज्जू खाली बांधल्यासारखा राहिला, तर मूल वाढताना पायांत अशक्तपणा येतो व लघवीवरील ताबा जातो. दोन नितंबांमधल्या घडीत, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, तळ दिसणारी आणि पाच मिलिमीटरहून लहान अशी जी खळगी पुष्कळ बाळांत असते, ती निरुपद्रवी होय. परंतु खळगी त्याहून वर असेल, तिच्याभोवती केसांचा झुपका, लाल डाग किंवा चरबीचा फुगवटा असेल, तर तपासणी टाळू नये. बाळ पहिल्या तीन-चार महिन्यांचे असेपर्यंत मणके पूर्ण हाडाळलेले नसल्याने साध्या सोनोग्राफीनेही मज्जारज्जू दिसतो. नंतर एमआरआयच लागतो. निव्वळ उशीर केल्याने स्वस्त आणि सोपी तपासणी हातची जाते.

या गाठींसाठी आईला दोष देण्याची प्रवृत्ती अजूनही संपलेली नाही. ग्रहणात तिने भाजी चिरली, सुईदोरा हाती घेतला, पथ्य पाळले नाही, असे काहीतरी शोधून काढले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की, येथे वर्णन केलेल्या बहुतेक घडामोडी गर्भधारणेच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नीट जाणीवही झालेली नसते अशा काळात, पूर्ण होतात, आणि डर्मॉइडसारख्या गाठी आईच्या कोणत्याही कृतीमुळे होतात असे दिसून आलेले नाही. बाळंतिणीवर तिच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळात असा आरोप लादणे हा अन्याय आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत नाकारला पाहिजे. डागण्याचे प्रकार याहून घातक आहेत. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा सर्वपरिचित आहे, आणि गाठीवर बिब्बा लावण्याचा उपाय इतरत्रही सांगितला जातो. बिब्ब्याचे तेल तान्ह्या त्वचेला भाजून काढते; गाठ तशीच राहते, वर जखम होते आणि जंतूंना वाट मिळते.

असे उपाय टाळून मदत कोठे घ्यावी, यासाठी आपल्या पुसद तालुक्याचा विचार केला, तर पूस नदीच्या खोऱ्यातील गावे, बंजारा तांडे आणि डोंगराळ भागातील आदिवासी वस्त्या येथपर्यंत पोहोचणारी साखळी आज अस्तित्वात आहे, तिचा उपयोग करून घेणे तेवढे उरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालसेवा देता येते हे सिद्ध केले, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि त्याच धर्तीवर आज आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. विदर्भातून निघालेली ही कल्पना विदर्भातील प्रत्येक तांड्यावर पुरेपूर वापरली जावी, ही अपेक्षा गैर नाही: या सहांपैकी एका भेटीत तरी बाळाला पालथे घालून पाठीची मध्यरेषा मानेपासून खालपर्यंत पाहिली जावी. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. मज्जानलिकेचे दोष या कार्यक्रमाच्या यादीत आहेत. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे सुमारे शंभर किलोमीटरवर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला पुसद तालुक्यातील गहुलीत जन्मलेले आणि 1963 ते 1975 या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचे नाव आहे. त्यापलीकडे सेवाग्राम, नांदेड आणि नागपूर येथील मोठी रुग्णालये आहेत. भुवईवरच्या गाठीसाठी इतक्या दूर जाण्याची घाई नसते. नाकाच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेवरील गाठीसाठी मात्र बालशल्यचिकित्सक आणि गरजेप्रमाणे मेंदूशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणीच जावे, आणि जवळच्या दवाखान्यात चिरा देऊन वेळ निभावण्याचा मोह टाळावा. गाठ लाल झाली, दुखू लागली, तिच्यातून पाणी किंवा पू आला, अथवा बाळाला ताप येऊन ते मलूल झाले, तर एक दिवसही थांबू नये.

शस्त्रक्रिया ठरल्यावर पालकांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: गाठ मध्यरेषेवर असल्यास तिच्या आतल्या मार्गाचा एमआरआय झाला आहे का, आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवली जाणार आहे का. त्या तपासणीचा अहवाल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावा, कारण पुढे कधी त्याच जागी काही उद्भवले, तर नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी तोच कागद लागेल.